तांदळात लिहिलेलं नाव

आमच्या वकीलसाहेबांच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "होऊन जाते." घर विकायचंय? होऊन जाते. कागद जुने आहेत? होऊन जाते. घेणाऱ्याला घाई आहे? त्यालेबी सांगा, होऊन जाते. पहिल्या भेटीत हे वाक्य मला फार धीराचं वाटलं होतं. तिसऱ्या भेटीपासून ते कानावर पडलं की माझ्या कपाळाची शीर उडायला लागली.

घर दिग्रसला होतं, आईचं. मी यवतमाळला नोकरीला, भाड्याच्या घरात तिसऱ्या मजल्यावर. मी लग्न केलं नाही आणि मला भावंडं नाहीत. वडील गेल्यावर आई दिग्रसला एकटीच राहिली आणि हळूहळू तिचे गुडघे गेले. स्वयंपाकघरातून न्हाणीपर्यंत ती भिंत धरून जायची. मी शनिवारी गेले की भिंतीवरचा तिच्या हाताचा तेलकट पट्टा मागच्या वेळेपेक्षा गडद दिसायचा. तिला माझ्याकडे आणायचं तर तीन मजले चढवणार कोण? माझ्या कचेरीजवळ एक तळमजल्याचं घर विकाऊ होतं. त्याच्या मालकानं गुढीपाडव्यापर्यंत थांबायचं कबूल केलं होतं, त्यापुढे एक दिवस नाही. पाडव्याच्या आत दिग्रसचं घर गेलं तर आई माझ्याजवळ येणार होती, नाही तर ती तिथे भिंत धरून आणि मी इथे जीव मुठीत धरून राहणार होते. एवढी सरळ गोष्ट होती.

गिऱ्हाईकही मिळालं होतं, आणि त्या वर्षी ते नवलच होतं. कापसाचे वाईट दिवस चालू होते. दिग्रससारख्या गावात कापूस आजारी पडला की सगळं गाव अंथरूण धरतं. कापडदुकानदार गादीवर पेंगत बसलेले, जिनिंगमधले हमाल भर दुपारी घरी परतलेले. अशात घर कोण घेतं? पण एका अडत्याला धाकट्या मुलाचा संसार वेगळा मांडून द्यायचा होता आणि त्याच्या बायकोला आमची गल्ली आवडली होती. माणूस भला होता, फक्त दर आठवड्याला मला मोकळेपणानं सांगायचा की मी थांबतो, पण माझं मन कधी पलटेल याचा मलाच भरोसा नाही.

वकीलसाहेब वडिलांच्या ओळखीतले. त्यांची खोली तहसीलच्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानाच्या वर, आणि वर जायला उभा लोखंडी जिना. आईला तो चढता येईना म्हणून साहेब स्वतः खाली यायचे आणि दुकानासमोरच्या बाकावर आमची फाईल उघडायचे. त्यांचा हा चांगुलपणा मी मान्य करते. पण त्यामुळे आमच्या घराचे व्यवहार खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या प्रत्येक माणसानं ऐकले. एकानं तर मधेच थांबून मला सल्लाही दिला, आणि साहेबांनी तो गंभीरपणे ऐकून घेतला.

त्यांची कामाची रीत अशी की एका वेळी एकच खोट सांगायची. आखीव पत्रिकेची, म्हणजे घराच्या मालकीच्या सरकारी उताऱ्याची, नवी नक्कल लागेल म्हणाले, मी ती आणली. मग म्हणाले, नगरपालिकेचा कर तुमच्या वडिलांच्या नावानं भरलेला दिसतो, त्याचा दाखला लागेल. तोही आणला. मी स्वतः सरकारी कचेरीत बसते. लोकांना उद्या या म्हणणं हे माझंही काम आहे, पण काय काय घेऊन या हे आम्ही निदान एका दमात सांगतो. साहेबांना मी तसं बोलूनही दाखवलं. ते हसले आणि चहा मागवला.

दिवाळी होऊन गेल्यावर एका शनिवारी त्यांनी आखीव पत्रिका डोळ्यांजवळ धरली, पहिल्यांदाच नीट वाचल्यासारखी, आणि मालकाच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "हे कोन आहे?"

ती आईच होती. आईचे वडील जिनिंगमध्ये दिवाणजी होते आणि आई त्यांची एकुलती एक. तिचं लग्न ठरलं तेव्हा आपल्यामागे भाऊबंद तिला घराबाहेर काढतील या धास्तीनं त्यांनी घाईघाईनं घर तिच्या नावे बक्षीसपत्र करून दिलं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, असं तिचं तीन शब्दांचं नाव कागदावर चढलं. आणि दोनच महिन्यांनी लग्नात तिन्ही शब्द बदलले. आडनाव बदललं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं, आणि सासरच्यांना तिचं पाळण्यातलं नाव जुनाट वाटलं म्हणून तेही गेलं. आजोबांनी एवढी दूरदृष्टी दाखवली आणि घर अशा मुलीच्या नावावर केलं जी दोन महिन्यांत नाहीशी होणार होती. आपल्या लोकांना यात चुकीचं काही वाटत नाही, मलाही तोवर वाटलं नव्हतं.

साहेब आईला काकू म्हणायचे. त्यांचं म्हणणं असं की ही बाई आणि काकू एकच आहेत हे कागदानं दाखवा. रेशनकार्ड, मतदार यादी, वडिलांच्या पेन्शनची कागदं, सगळीकडे नवं नाव. शाळेचा दाखला आणि बक्षीसपत्र, तिथे जुनं. दोन्ही नावं एकत्र असलेला एकही कागद आमच्या घरात नव्हता. लग्नाची नोंदणी तेव्हा कोण करत होतं? साहेबांनी आईला विचारलं, नाव बदललं त्याची नोंद कुठं आहे.

"ताटात," आई म्हणाली.

खरंच ताटात होती. वडिलांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं, बायकांनी पेढे वाटले, आणि ताट सारखं करून तांदूळ डब्यात गेले. चाळीस वर्षांपूर्वी ते शिजून खाऊनही झाले होते. साहेबांनी चष्मा काढला. आईला वाटलं ते विचारात पडलेत, म्हणून तिनं मदतीच्या सुरात सांगितलं, "ताट आहे घरी. आनू काय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. औषधाच्या दुकानातला माणूस हसू दाबत आत गेला.

मग उपाय निघाला तो शपथपत्राचा. आईनं शपथेवर सांगायचं की दोन्ही नावं माझीच, आणि तिला लग्नाआधीपासून ओळखणाऱ्या एका माणसानं तेच सांगायचं. पण लग्नाआधीपासून ओळखणारी माणसं उरली होती कुठे? आजोबा नाहीत, आईच्या मामाकडचं कोणी नाही, शेजारची जुनी घरं विकून गेलेली. मी एकेक नाव घ्यायची आणि आई म्हणायची, ते गेले. शेवटी ती म्हणाली की ढाणकीला एक आहे, ती असेल. ही तिची शाळेतली मैत्रीण. आमच्या घरात तिचा उल्लेख नेहमी ढाणकीवाली असाच व्हायचा. लग्नानंतर दोघींच्या भेटी बोटांवर मोजण्याइतक्या.

"होऊन जाते," साहेब म्हणाले.

दिग्रसहून पुसद, पुसदहून उमरखेड, उमरखेडहून ढाणकी. गुडघे गेलेल्या बाईला एस.टी.च्या पायरीवर चढवणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. खालून मी ढकलायची, वरून कंडक्टर ओढायचा, आणि आई दोघांनाही हळू म्हणून दटावायची. उमरखेडला गाडी दीड तास आलीच नाही. मी साहेबांच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार करून घेतला.

ढाणकीला बाजाराच्या मागे त्या मैत्रिणीचं, मी त्यांना मावशी म्हणायचं ठरवलं, घर सापडलं. मावशी आडव्या बांध्याच्या, नऊवारी नेसलेल्या, ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत बसलेल्या. आईला पाहून त्यांनी हातातली मिरची टाकली आणि एका नावानं हाक मारली. मी मागे वळून पाहिलं, आमच्यामागून कोण आलं म्हणून. मागे कुणीच नव्हतं. आई मात्र ओ देऊन पुढे गेली होती, भिंत न धरता.

त्या दिवशी मी माझ्या आईला चहाचा कप बशीवर आपटून हसताना पाहिलं. मास्तरीणबाईंची टोपी कुणी लपवली, की ती टोपी नव्हती, पिशवी होती, यावर दोघी भांडल्या. आई भांडते हेच मला माहीत नव्हतं. आमच्याकडे ती फक्त बरं म्हणायची. मी मधेमधे घड्याळ बघत होते, कारण शेवटची गाडी चुकली असती तर दुसऱ्या दिवशीची माझी रजा गेली असती. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली.

"तिच्यासाठी येईन न. त्यात काय," त्या म्हणाल्या.

संक्रांत झाल्यावरचा सोमवार ठरला. साहेबांनी सकाळी अकराची वेळ दिली, शपथपत्रं टाइप करून ठेवतो म्हणाले. मावशी आदल्या संध्याकाळीच बसनं आल्या. सकाळी दोन म्हाताऱ्यांना रिक्षात घालून मी तहसीलच्या रस्त्यावर पोचले, तर लोखंडी जिन्याच्या तोंडाशी कुलूप. औषधवाल्यानं सांगितलं, साहेब कापसावर आहेत.

साहेबांची वीसेक एकर शेती होती हे मला माहीत होतं. त्यांचा कापूस सरकारी खरेदी केंद्रावर लागला होता आणि दोन दिवसांपासून रांग हलली नव्हती. आता रांगेत गडी उभा करता येतो की नाही? पण साहेबांचा गडी गावी गेलेला. मी रिक्षावाल्याला म्हटलं, तिकडेच घ्या. माझा आवाज असा लागला असावा की तो भाड्याबद्दल काही बोलला नाही.

खरेदी केंद्राच्या फाटकापासून पार रस्त्यापर्यंत बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. बैल सोडलेले, माणसं गाड्यांखाली सावलीला पडलेली. हवेत कापसाचे तुसे, ते नाकात जायचे. काळा कोट शोधत आम्ही रांगेच्या कडेनं फिरलो. कोट सापडला एका गाडीच्या दांडीवर टांगलेला, आणि त्याच्यामागे डोक्याला टॉवेल गुंडाळलेले साहेब. मला पाहून ते जराही वरमले नाहीत. गाडी सोडून आलो असतो तर नंबर गेला असता, असं म्हणाले, आणि कोटाच्या खिशातून घडी केलेले कागद काढले. तेवढं मात्र त्यांनी केलं होतं.

शेजारच्या गाडीवाल्यानं पोती अंथरून दिली. दोघी बसल्या. साहेबांनी मावशींचं शपथपत्र वाचायला सुरुवात केली: मी शपथेवर सांगते की अमुक हिला मी लहानपणापासून ओळखते आणि लग्नानंतरच्या तमुक या नावानेही मी तिला ओळखते.

"हे दुसरं नाव कोनाचं?" मावशींनी विचारलं.

साहेबांनी आईकडे बोट केलं. मावशी म्हणाल्या की या नावाची बाई मी ओळखत नाही. पत्रावर घातलं असेल कधी, कारण पोस्टमनला लागतं. पण ओळखते म्हणून शपथ घ्यायची म्हणजे खोटं बोलणं, आणि या वयात त्या खोटं बोलणार नव्हत्या. साहेबांनी समजावलं की ही नुसती कायद्याची भाषा असते, असं लिहावंच लागतं. मावशींनी पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

माझा तोल गेला. दोन दिवसांची रजा, अडत्याचं पलटणारं मन, पाडवा, ते तीन मजले, सगळं एकदम तोंडात आलं. मी मावशींना म्हटलं की तुमच्या तत्त्वापायी आई त्या घरात पडून राहील, एखाद्या दिवशी न्हाणीत घसरेल आणि मला चौथ्या दिवशी कळेल. रांगेतली माणसं उठून बसली. साहेबसुद्धा मला हळू म्हणाले. मी त्यांना म्हटलं की तुम्ही तर बोलूच नका.

तेव्हा आई बोलली. ती माझ्याशी बोलत नव्हती.

"तू त्या ताटापाशीच बसली होती," ती मैत्रिणीला म्हणाली. "माह्या बाजूले. नाव वाचलं तवा तू उठून गेली. जेवलीबी नाही."

मावशींनी खांद्यावर ओढलेला पदर सोडला.

"बसली होती," त्या म्हणाल्या. "आयकलंबी होतं. मानलं नाही."

"मीबी कुठं मानलं होतं," आई म्हणाली. "पन मले कोनं इचारलं?"

कळत्या वयापासून ज्या नावानं मी अर्जांवर, पेन्शनच्या कागदांवर, दवाखान्याच्या चिठ्ठ्यांवर तिची ओळख लिहीत आले, ते तिला नको होतं हे मी एका कापसाच्या गाडीशेजारी ऐकत होते. आणि मला हे कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. मला स्वतःचा राग आला, आणि तो काढायला जवळ साहेबच होते.

"आता लिहा," मी त्यांना म्हटलं. "जे झालं तेच लिहा."

मानलं नाही हे शपथपत्रात घेता येत नाही, असं साहेब म्हणाले. पण त्यांनी पेन उघडलं, टाइप केलेली ओळ खोडली आणि वर हातानं लिहिलं की लग्नाच्या वेळी तांदळाच्या ताटात लिहिलेले व सर्वांसमक्ष वाचलेले नाव मी स्वतः ऐकले आहे. मोठ्यानं वाचून दाखवलं. मावशींनी पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"हे खरं आहे," त्या म्हणाल्या.

शेजारच्या गाडीवाल्यावर गाडी सोपवून साहेब आमच्याबरोबर तहसीलला आले, शपथा झाल्या, आणि ते धावतपळत परत गेले. पुढच्या शनिवारी कळलं की त्यांचा नंबर लागला, पण ओला म्हणून कापूस परत पाठवला. वाळवून पुन्हा रांग धरायची होती. बाकावर ते मान खाली घालून बसले होते. होऊन जाईल, साहेब, असं मी त्यांना म्हणाले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आमची फाईल उघडली.

त्यानंतरही एकेक कागद निघत राहिलाच. पाडवा आठ दिवसांवर आला तेव्हा कुठे खरेदीचा दिवस उजाडला. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत अडत्या नवे कपडे घालून आला होता, त्याच्या बायकोनं पेढे आणले होते. शिपायानं दारातून आईचं जुनं नाव पुकारलं, तिन्ही शब्द, सलग. मी आईला उठवायला हात पुढे केला, पण ती आधीच उभी होती. साहेबांनी दोन्ही नावांनी सही करायला सांगितलं होतं. जुनी सही तिनं एका दमात केली, अठराव्या वर्षी बक्षीसपत्रावर केली होती तशीच गोल वेलांट्यांची. दुसऱ्या सहीच्या आधी तिनं पेन खाली ठेवून बोटं चोळली.

बाहेर आल्यावर तिनं साहेबांना विचारलं, हे पहिलं नाव आता कुठं लागेल.

"कुठंच नाही, काकू," साहेब खुशीत म्हणाले. "सुटले तुमी."

आईनं मान हलवली. यवतमाळच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. ते नाव फक्त त्या घराच्या कागदावर जिवंत होतं आणि आम्ही घर आणि नाव, दोन्ही त्या पहिल्या सहीनं देऊन आलो, हे मला गाडीत बसल्यावर कळलं. फार वाईट वाटलं. मी तिला म्हटलं, आता मी तुला त्या नावानं हाक मारू का. आईले कोनी नावानं हाक मारते काय, असं म्हणून तिनं मला गप्प बसवलं.

पाडवा आम्ही तळमजल्यावर केला. आई पहिल्याच दिवशी नवी काठी टेकत अंगणात जाऊन शेजारणीशी बोलून आली. टेलिफोन लागला, आणि त्यावर सगळ्यात जास्त कोण बोललं असेल तर आमचे साहेब. फेरफाराला एक सही राहिली, करवसुलीला एक अर्ज राहिला. घर विकून झालं तरी आमची सुटका नव्हती. फोन वाजला की माझी शीर उडायची.

एका रविवारी दुपारी तसाच वाजला. मी भाकऱ्या थापत होते. पिठाच्या हातानं उचलला, भांडायच्या तयारीनं. पलीकडे खरखर, एस.टी.चे हॉर्न, आणि कुणी बाई कोणाला तरी मागत होती. नाव नीट ऐकू येईना. मी वैतागून मोठ्यानं विचारलं, कोण, आणि तव्यावरच्या भाकरीच्या घाईत तिनं सांगितलेलं नाव तसंच मोठ्यानं उच्चारून म्हटलं, "राँग नंबर. इथं या नावाचं कोणी राहत नाही."

आतल्या खोलीत पलंग करकरला. काठीचा आवाज आला नाही. आई दारात उभी होती, हात पुढे करून.

"राह्यते," ती म्हणाली. "दे इकडं."